ऐकत नाही, की ऐकू येत नाही?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. कविता लिहितो आणि पोटासाठी एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात कारकुनी करतो. शाळेत मला सगळे ‘भाऊसाहेब’ म्हणतात. दाखले, जनरल रजिस्टर, शिष्यवृत्तीचे अर्ज हाच माझा संसार. १९९७ साली मी त्या खिडकीमागे बसलो, आणि तेव्हापासून एक वाक्य जवळजवळ रोज माझ्या कानावर पडत आलं आहे. शिक्षक तेच म्हणतात, आई तेच म्हणते, आजोबाही तेच म्हणतात : ‘हा मुलगा ऐकत नाही हो!’

आपल्या मराठीत या ‘ऐकत नाही’चे दोन अर्थ आहेत. एक, सांगितलेलं मानत नाही. दुसरा, त्याच्या कानापर्यंत ते पोचतच नाही. बोलताना आपण बहुतेक वेळा पहिलाच अर्थ धरतो. पोरगं हट्टी आहे, आळशी आहे, मठ्ठ आहे, त्याचं लक्ष नाही. दुसऱ्या अर्थाची शंका फार थोड्यांना येते. आज मला त्या दुसऱ्या अर्थाबद्दल बोलायचं आहे. कारण पहिला अर्थ धरून मी स्वतः एका मुलाच्या बाबतीत चूक केली आहे, आणि ती माझ्याच अक्षरात, शाईनं, रजिस्टरात लिहिलेली आहे.

१९९९ सालची गोष्ट. सातवीत एक मुलगा होता. मागच्या बाकावर बसायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तोंडी हिशेबाच्या तासाला सरांनी विचारलं, ‘साठात पाच मिळवले, किती?’ तो उभा राहून म्हणाला, ‘तेरा.’ वर्ग खो खो हसला. सरांना वाटलं, चेष्टा करतोय. कानशिलात बसली. शुद्धलेखनात तर त्याची वही लाल शाईनं भरलेली असायची. वर्ष संपायच्या आत वडिलांनी त्याचं नाव काढलं आणि त्याला गॅरेजवर लावलं. दाखला मी लिहिला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, ‘अभ्यासातील प्रगती’. वर्गशिक्षकांनी सांगितलं आणि मी लिहिलं : ‘असमाधानकारक’.

२०१२ साली तोच मुलगा, आता चांगला बाप्या झालेला, दाखल्याची दुय्यम प्रत मागायला आला. जन्मतारखेचा पुरावा हवा होता. बोलताना तो सारखा डावा कान माझ्या खिडकीकडे करत होता. मी विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं की लहानपणापासून त्याचे दोन्ही कान वाहायचे. घरी तेल घालायचे, कापूस कोंबायचे. पुढे कुणीतरी त्याला एका शिबिरात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही पडद्यांना भोकं आहेत. डाव्या कानाचं ऑपरेशन झालं आणि तो कान बराच सुधारला. मग तो हसून म्हणाला, ‘भाऊसाहेब, सर साठ म्हणाले होते होय? मला तर आठच ऐकू आलं होतं.’

आठ आणि पाच तेरा. त्याचं गणित अगदी बरोबर होतं.

दुय्यम प्रतीत मूळ नोंदच उतरवावी लागते. त्यात कारकुनाला बदल करता येत नाही. म्हणून त्याच मुलाच्या समोर बसून मी दुसऱ्यांदा लिहिलं : ‘असमाधानकारक’. त्या दिवसानंतर मी कानाबद्दल मिळेल ते वाचत गेलो, शाळेत येणाऱ्या डॉक्टरांना विचारत गेलो. त्यातलं जे पक्कं समजलं, ते तुम्हांला सांगतो.

कान, नाक आणि घसा ही आपल्याला तीन वेगळी दारं वाटतात, पण आतून ते एकच घर आहे. बाहेरून आलेला आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतो. पडद्यामागे तीन चिमुकली हाडं साखळीसारखी जोडलेली असतात. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांची नावं पाठ केली आहेत : हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं. ही साखळी हलते आणि आवाजाचा थरथराट आतल्या कानात पोचवते. तिथे गोगलगाईच्या शंखासारखा भाग आहे, त्याला कर्णावर्त म्हणतात. त्यातल्या सूक्ष्म पेशी त्या थरथराटाचा संदेश करून मेंदूकडे धाडतात.

आता पडद्यामागची ती पोकळी हवेनं भरलेली असावी लागते, तरच पडदा मोकळेपणानं हलतो. ही हवा येते एका बारीक नळीतून, जी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला उघडते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते. घाटात गाडी चढताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की मोकळं वाटतं, ते या नळीमुळेच. मोठ्या माणसात ही नळी लांब आणि उतरती असते. लहान मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली, घसा सुजला की तिथला जंतुसंसर्ग सहज कानात शिरतो, किंवा नळी सुजून बंद होते. त्यात नाकामागे अ‍ॅडिनॉइड नावाची गाठ असते. ती साधारण ३ ते ७ वर्षांच्या वयात सर्वांत मोठी असते आणि पुढे आपोआप लहान होत जाते. ती फार वाढली तर नळीचं तोंडच दाबलं जातं. म्हणून मुलाच्या कानाचं दुखणं पाहताना डॉक्टर नाकात आणि घशात डोकावतात. ‘कानासाठी आलो आणि हे तोंड उघडायला सांगतात’ म्हणून कुरकुर करू नये.

नळी बंद राहिली की पोकळीत हवेऐवजी पाणी साठतं. हळूहळू ते गोंदासारखं चिकट होतं. या दुखण्याची अडचण अशी की ते दुखतच नाही. ताप नाही, पू नाही. फक्त मुलाला सगळं कानात बोटं घातल्यासारखं ऐकू येतं. शाळेच्या वयापर्यंत बहुतेक मुलांना हे एकदा तरी होऊन जातं आणि सहसा तीन महिन्यांत आपोआप बरं होतं. पण काहींमध्ये ते रेंगाळतं. तीन महिने उलटून गेले तरी पाणी हटलं नाही, तर कानाची तपासणी करून डॉक्टर पुढचा निर्णय घेतात. काही वेळा पडद्यात एक बारीकशी नळी बसवतात, तिला ग्रोमेट म्हणतात. पाणी निघतं, हवा खेळते, आणि काही महिन्यांनी ती नळी बहुधा आपसूक गळून पडते.

दुसरं दुखणं म्हणजे कान वाहणं. आपल्या गावाखेड्यांत ‘लहानपणी सगळ्यांचेच वाहतात, मोठेपणी थांबतं’ असं सर्रास म्हणतात. त्यावर विश्वास ठेवू नका. वाहणारा कान म्हणजे बहुतेक वेळा भोक पडलेला पडदा. दोन आठवड्यांहून अधिक काळ कान वाहत असेल तर डॉक्टरला दाखवलंच पाहिजे. कान कोरडा ठेवणं, आंघोळीच्या वेळी पाणी जाऊ न देणं, दिलेले थेंब सांगितले तितके दिवस घालणं, एवढ्यानं पुष्कळ कान सुधारतात. भोक बुजलं नाही तर शस्त्रक्रियेनं नवा पडदा बसवता येतो. त्यासाठी कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण वापरतात. मात्र पाण्याला घाण वास येत असेल तर एक दिवसही थांबू नका. त्या प्रकारात हाड कुरतडलं जातं आणि संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. डोकेदुखी, चक्कर, ताप, तोंड वाकडं होणं ही त्याची धोक्याची चिन्हं आहेत.

तिसरं कारण अगदी साधं, कानातला मळ. मळ म्हणजे घाण, असा आपला समज आहे. खरं तर तो कानाचा पहारेकरी आहे. तो धूळ अडवतो आणि आपण चावतो-बोलतो तसा हळूहळू स्वतःच बाहेर सरकतो. आपण आगपेटीची काडी, केसांची पिन, पेनचं टोपण, कापसाची काडी घालून त्याला आत ढकलतो आणि बूच बसवतो. रेल्वे स्टेशनच्या आसपास कान साफ करून देणारे फिरायचे, अजूनही कुठे कुठे दिसतात. त्यांच्यापुढे डोकं टेकवून बसलेले लोक पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. अट्टल मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. काही मिनिटांचं काम असतं.

थोडंसं ऐकू कमी आल्यानं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. कवी म्हणून मला याचं उत्तर ठाऊक आहे, कारण कवितेत अक्षराला अक्षराची किंमत असते. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर दणकट असतात. स, फ, थ ही व्यंजनं बारीक, हवेसारखी असतात. ऐकू येणं थोडं कमी झालं की आधी हीच गळतात. मग ‘साठ’चा ‘आठ’ होतो. मुलाला आवाज येतो, म्हणून ते हाकेला ओ देतं. आई म्हणते, ‘हाक मारली की येतो की!’ पण शब्द त्याला फुटकळ, मोडके ऐकू येतात. पुढ्यात ओठ दिसत असले की ते भरून काढतं. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याचा धागा तुटतो. दिवसभर असं अंदाजानं ऐकणारं मूल दुपारपर्यंत थकून जातं, चिडतं किंवा खिडकीबाहेर बघत बसतं. त्यालाच आपण ‘लक्ष नाही’ म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की लहान मुलांच्या बहिरेपणातली सुमारे ६० टक्के कारणं टाळता येण्यासारखी आहेत. कानाचा जंतुसंसर्ग त्यात येतो. गोवर, गालगुंड, मेंदूज्वर यांसारखे आजार येतात. गरोदरपणी आईला झालेला रुबेला येतो, ज्यानं बाळ जन्मतःच बहिरं होऊ शकतं. २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या राज्यात ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम झाली. तेव्हा आमच्या शाळेतही अफवा उठल्या होत्या, काही पालक पोरांना घरी ठेवायला निघाले होते. त्यांतल्या काहींना मी खिडकीतून एवढंच म्हणालो, की ही लस म्हणजे तुमच्या होणाऱ्या नातवंडांच्या कानांची राखण आहे. काहींना पटलं.

आता तपासणीकडे येऊ. मुलाची श्रवणचाचणी म्हटलं की पालक घाबरतात. त्यात सुई नाही, दुखणं नाही. मुलाच्या कानांवर हेडफोन ठेवतात. यंत्रातून बारीक ‘टूं’ असा आवाज येतो. ऐकू आला की हात वर करायचा. लहानग्यांना एक खेळ देतात : आवाज आला की डब्यात एक मणी टाक. आवाजाचा उंच-खालचा पोत हर्ट्झमध्ये मोजतात आणि जोर डेसिबलमध्ये. कुजबुज साधारण ३० डेसिबल, नेहमीचं बोलणं साधारण ६०. शाळेतल्या प्राथमिक चाचणीत बहुधा ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे आवाज, २० ते २५ डेसिबल इतक्या हलक्या जोरानं ऐकवतात. बोलण्यातली बहुतेक अक्षरं याच पट्ट्यात असतात. सविस्तर चाचणीचा आलेख कागदावर काढून देतात. त्यात उजव्या कानाची खूण लाल गोल आणि डाव्याची निळी फुली. प्रगतिपुस्तकासारखाच हा कागद जपून ठेवावा. पडद्यामागे पाणी आहे का, हे सांगणारी आणखी एक चाचणी असते. तीत कानात हलका हवेचा दाब देतात आणि क्षणात निकाल मिळतो. डॉक्टरांकडे नादकाटाही असतो. तो कानाजवळ आणि कानामागच्या हाडावर टेकवून ते ओळखतात, की अडथळा पडद्याच्या बाजूला आहे की आतल्या नसेत.

यंत्र नसेल तरीही शिक्षकाला आणि पालकाला एक चाळण लावता येते. शांत खोलीत मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. एक कान त्याला बोटानं दाबून चोळायला सांगा. पूर्ण श्वास सोडून मग कुजबुजत्या आवाजात तीन शब्द म्हणा : ‘सात, फणस, पाच’ असे काही. मुलानं ते परत म्हणायचे. चुकले तर आणखी तीन वेगळे शब्द. सहांपैकी निम्मे तरी बरोबर आले नाहीत, तर त्या कानाची नीट तपासणी हवी. मग दुसरा कान. ही चाचणी निकाल देत नाही. कुणाला पुढे पाठवायचं, एवढंच ती सांगते.

सरकारी व्यवस्था नाही असं नाही. बधिरता प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली देशातल्या २५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि पुढे वाढत गेला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तर सुरुवातच आपल्या महाराष्ट्रातून, फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी येते. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत एकदा जावं, अशी योजना आहे. कान वाहणं आणि कमी ऐकू येणं हे दोन्ही त्यांच्या यादीत आहे, आणि पुढे पाठवलेल्या मुलाचे उपचार मोफत व्हावेत अशी तरतूद आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावानं वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. ते आपल्या राज्याचे राज्यपाल होते.

मग गळती कुठे होते? मी कार्यालयातून पाहिलं आहे, म्हणून सांगतो. पथक येतं त्या दिवशी तपासणी व्हरांड्यात चालते, आणि समोरच्या मैदानात कवायत सुरू असते. अशा गोंगाटात कान कसा तपासणार? पथकासाठी शाळेतली सर्वांत शांत खोली द्यावी आणि त्या तासाला घंटा, भोंगा, खेळ बंद ठेवावेत. दुसरं, त्या दिवशी जी मुलं गैरहजर असतात त्यांचं पुढे कुणी नाव काढत नाही. पुष्कळदा कान वाहतोय म्हणूनच मूल घरी असतं. आणि तिसरी, सर्वांत मोठी गळती चिठ्ठीची. ‘जिल्हा रुग्णालयात दाखवा’ अशी चिठ्ठी मुलाच्या हातात दिली जाते. ती दप्तरात, तिथून गल्लीत, तिथून गटारात जाते. घरी गेली तरी बापाचा एका दिवसाचा रोज बुडतो, म्हणून पुढच्या महिन्यावर ढकललं जातं.

मी एवढंच केलं. एक शंभर पानी वही घातली : नाव, इयत्ता, पालकांचा फोन, चिठ्ठी कधी दिली, दाखवलं का, काय निघालं. शेवटचा रकाना भरेपर्यंत दर पंधरवड्याला एक फोन. दहा-बारा नावांच्या यादीला महिन्याला अर्धा तास लागतो. प्रत्येक शाळेत अशी वही असावी, एवढं माझं मागणं आहे.

घरी काय करू नये, हेही सांगतो. कानात गरम तेल, लसणाचं तेल, दूध, कसलाही रस घालू नये. पडद्याला भोक असेल तर ते थेट आत जातं. मुलाच्या कानाखाली कधीही मारू नये. तळहाताच्या दाबानं हवा कोंडून पडदा फाटू शकतो. शाळेत शारीरिक शिक्षा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंद आहे, पण घरात कायदा कोण बघतो? नाक शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी मोकळी करायला शिकवावं. दोन्ही दाबून जोर केला की घाण कानात चढते. चुलीचा आणि बिडीचा धूर मुलाच्या कानालाही बाधतो.

मुलं कानानाकात काय घालतील सांगता येत नाही : चिंचोका, मणी, खडूचा तुकडा, हरभरा. चिमट्यानं ओढायला जाऊ नये, वस्तू आत जाते. पाणीही घालू नये, कडधान्य फुगतं. जिवंत किडा कानात गेला आणि कान आधीपासून वाहणारा नसेल, तर खाण्याच्या तेलाचे दोन थेंब घालून तो मारावा आणि मग डॉक्टर गाठावा. तेल घालायची एवढी एकच वेळ. घड्याळातला किंवा खेळण्यातला गोल चपटा सेल गेला असेल तर मात्र काहीही न घालता तत्काळ निघावं, तो काही तासांत आतली कातडी जाळतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर आत काहीतरी अडकलंय, असं समजावं.

उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो. आपण डोकं मागे करतो, कांदा हुंगवतो. डोकं मागे केलं की रक्त घशात उतरतं. मुलाला बसवावं, किंचित पुढे वाकवावं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सोडता न सोडता चिमटीत धरावा आणि तोंडानं श्वास घ्यायला लावावं. बहुतेक वेळा एवढ्यानं थांबतं. सारखाच फुटत असेल किंवा अर्धा तास थांबला नाही तर दवाखाना. आणि घसा. तापासह घसा दुखत असेल आणि डॉक्टरांनी गोळ्यांचा कोर्स दिला असेल तर तो बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडू नये. एका प्रकारच्या जंतूनं होणारी घशाची सूज दुर्लक्षित राहिली तर सांधे धरतात आणि पुढे हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. ५ ते १५ या वयातच हा धोका जास्त. झोपेत घोरणारं, सदा तोंड उघडं ठेवणारं मूल ‘गाढ झोपतं’ म्हणून कौतुक करू नये, त्याचं नाक दाखवून घ्यावं.

काही मुलांचा दोष आतल्या नसेत असतो. तिथे मळ काढून किंवा पडदा शिवून भागत नाही, श्रवणयंत्र लावावं लागतं. आणि इथे आपली लोकलाज आडवी येते. चष्मा लागला की ‘हुशार दिसतो’ म्हणतो आपण. कानाला यंत्र लागलं की घर गप्प होतं. मुलगी असेल तर ‘पुढे लग्नाचं काय’ म्हणून चिठ्ठी फाडली जाते. माझ्या वहीतली दोन नावं अशीच रिकामी राहिली आहेत, दोन्ही मुलींची. आमच्याकडे बाळ जन्मलं की पहिल्यांदा त्याच्या कानात अजान म्हणतात. शेजारच्या घरी बारशाला आत्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते. दोन्ही घरांत बाळाचं स्वागत कानापासून होतं. तेच कान पुढे तपासायला लाज कसली? जन्मतःच दोष असेल तर पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असं वेळापत्रक डॉक्टर सांगतात. कारण भाषा शिकण्याचं वय थांबत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढचा दोष मोजला जातो. माझ्या खिडकीतल्या त्या मुलासारखी बरीच मुलं त्या रेषेच्या अलीकडे असतात. त्यांना प्रमाणपत्र मिळत नाही, सवलत मिळत नाही. त्यांना मिळते ती फक्त बोलणी. त्यांच्यासाठी शिक्षकांनाच काही करता येतं, आणि तेही बिनपैशाचं. पुढच्या बाकावर, चांगला कान वर्गाच्या बाजूला येईल असं बसवा. उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, म्हणजे ओठ दिसतील. फळ्याकडे पाहून बोलू नका. ‘कळलं का?’ असं विचारू नका, मूल ‘हो’च म्हणतं. ‘मी काय म्हणालो ते सांग’ असं विचारा.

मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलीला अशीच चिठ्ठी मिळाली. वर्गात ‘हेकट’ म्हणून तिचं नाव झालं होतं. तीन फोननंतर आई तिला घेऊन गेली. दोन्ही कानांत मळाचं बूच होतं, बाकी सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी ती कसल्याशा अर्जावर शिक्का घ्यायला कार्यालयात आली आणि वर छताकडे पाहत उभी राहिली. म्हणाली, ‘भाऊसाहेब, हा पंखा नवीन बसवला का? केवढा आवाज करतो!’

तो पंखा माझ्या डोक्यावर दहा वर्षांपासून करकरतोय. मी तिच्या नावापुढचा शेवटचा रकाना भरला आणि शिक्का मारून अर्ज तिच्या हातात दिला.